आवाज देत राहायचं

न्हाणीघराच्या आतून प्रांजलीचा आवाज आला तेव्हा सुलेखा मागच्या गॅलरीत निळ्या ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. नळाला आठव्या दिवशी पाणी आलं होतं, आणि सिडकोतल्या त्यांच्या त्या तीन मजली इमारतीत अशा दिवशी कुणी कुणाशी धड बोलत नाही. ज्याची त्याची मोटार, ज्याचे त्याचे ड्रम. आवाज मोठा नव्हता. ‘प्रांजली,’ एवढंच. सुलेखाला वाटलं पोरगी फोनवर बोलतेय, पण फोन तर समोर फ्रिजवर पडलेला. थोड्या वेळानं पुन्हा, त्याच पट्टीत, ‘प्रांजली’. मग पाण्याचा जरासा खळखळाट, आणि पुन्हा ‘प्रांजली’. सोळा वर्षांची धडधाकट मुलगी आत बसून स्वतःलाच स्वतःचं नाव सांगत होती. त्यात हाक नव्हती, रडं नव्हतं, हजेरी दिल्यासारखा कोरडा आवाज. ड्रम भरून पाणी गॅलरीभर वाहिलं, खालच्या मजल्यावरून आरडाओरडा झाला, तेव्हा सुलेखाला भान आलं. आठ दिवसांच्या पाण्यातलं बादलीभर वाया गेलं आणि तिला त्याची हळहळ वाटली नाही, यावरून काय ते समजा.

प्रांजलीला घरी येऊन चारच दिवस झाले होते. त्याआधी चाळीस दिवस ती अजिंठ्याच्या पलीकडच्या डोंगरात एका शिबिरात होती. शिबिराच्या माहितीपत्रकावर ‘भरकटलेल्या मुलामुलींना निसर्गाच्या कुशीत नवं वळण’ असं छापलेलं, आणि शेजारी कुणाच्या तरी हसऱ्या मुलांचा फोटो. तंबूत राहायचं, चूल पेटवायची, डोंगर चढायचे; फोन नाही, आरसा नाही, घरच्यांचा आवाजसुद्धा नाही. सुलेखाच्या नवऱ्यानं, अभयनं, हे शोधून काढलं होतं. तो तंत्रनिकेतनात शिकवतो, त्यामुळं कुठलीही मोडलेली गोष्ट योग्य ठिकाणी नेली की दुरुस्त होते यावर त्याची श्रद्धा आहे. आता शिबिराचे ऋतुराज सर दुसऱ्या टप्प्यासाठी मागं लागले होते. नव्वद दिवस, सोमवारपासून सुरू. शनिवारी पालकभेट, तिथंच काय ते सांगायचं. अभयचं म्हणणं, पाठवू. औषधाचा कोर्स अर्धा सोडला की दुखणं उलटतं. पण पहिला फॉर्म सुलेखानं भरला होता, म्हणून सही तिचीच लागणार होती. आणि सुलेखाला हो म्हणायच्या आधी एकच गोष्ट हवी होती: त्या चाळीस दिवसांत तिथं या मुलीचं नेमकं काय केलं, ते समजायला हवं होतं.

तसा तिचा धंदाच न दिसणारी घाण शोधायचा. वाळूजला एका औषधाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत आहे. कामगारांच्या तळहातांवरून कापसाचा बोळा फिरवायचा, काचेच्या बशीत पुसायचा आणि दोन दिवसांनी त्यावर काय उगवलं ते मोजायचं. कुणी किती घासून हात धुतले हे तिला बशी सांगते, माणसाला विचारावं लागत नाही. त्याच सवयीनं ती आता पोटच्या मुलीकडं बघू लागली. आंघोळीला प्रांजली एक तांब्या घेते. एकच. त्यात कपडा बुडवून कपाळापासून पायापर्यंत अंग पुसते, उरलेल्या पाण्यात तोच कपडा धुते, आणि उरलेलं तेही मोगऱ्याच्या कुंडीला घालते. पूर्वी हीच मुलगी गिझर लावून अर्धा तास शॉवरखाली उभी राहायची आणि सुलेखा बाहेरून दार बडवायची. आता ती कडीसुद्धा लावत नाही. दार नुसतं लोटलेलं. टूथपेस्ट तशीच, ती पाण्याच्या टाकीजवळच्या कडुलिंबाची काडी मोडून आणते. भांडी घासायला राख मागितली, गॅसच्या घरात राख कुठली, तर कुंडीतली माती घेऊन कढई अशी लखलखीत केली की कामवालीनं ती उलटसुलट करून बघितली. संध्याकाळी सहाला भिंतीला टेकून बसते, पाय पुढं घेते आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून बघते. मग त्याच पायांनी उठून आपले बूट आणते आणि सुलेखाच्या पलंगाशी, उशाच्या बाजूला, जोडीनं ठेवते.

या बुटांवर तर सुलेखा अगदी भाळली होती. जिन्यातलं कुत्रं चपला पळवतं म्हणून पोरगी जपून आत ठेवते, असं तिनं धरलं. पहिल्या दिवशी तिनं ते पुसून मांडणीत लावले, तर प्रांजलीनं मुकाट्यानं पुन्हा आणून उशाशी ठेवले. सुलेखानं नणंदेला फोनवर सांगितलं, शेजारणीला सांगितलं, की पूर्वी एक बूट बाथरूमपाशी आणि दुसरा सोफ्याखाली असायचा, आता बघा. आपलं ते सोनं हे म्हणायला आईला दोन बूटसुद्धा पुरतात.

पण ते नावाचं काही केल्या उलगडेना. ती दाराशी उभी राहून ऐकायची, आणि ऐकता ऐकता तिला पाचोड आठवायचं, तिचं माहेर. पहाटे बायांबरोबर टमरेल घेऊन ओढ्याकडं जायचं, धाकटी म्हणून तिला सगळ्यांच्या मधे बसवायच्या. एका बाभळीआड आई, दुसऱ्या बाभळीआड ती. अंधार पुरता फिटलेला नसायचा. आई मधूनच म्हणायची, ‘सुले, हायेस का?’ आणि तिनं म्हणायचं, ‘हाय.’ त्या जाण्याची तिला इतकी लाज होती की शहरात लग्न झाल्यावर या फ्लॅटमध्ये आली तेव्हा स्वयंपाकघर बघायच्या आधी तिनं संडासाच्या दाराची कडी लावून बघितली होती. आतून लागणारी, स्टीलची, स्वतःच्या मालकीची कडी. त्या दिवशी ती नुसतीच आत उभी राहिली होती, पाच मिनिटं, काही काम नसताना, आणि बाहेर सासूबाईंना वाटलं सुनेचं पोट बिघडलंय. तिला तेव्हा किती सुख झालं होतं हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि आता तिची मुलगी ती कडी न लावता आत बसत होती. बुधवारी आतून ‘प्रांजली’ आलं आणि सुलेखाच्या तोंडून नकळत निघून गेलं, ‘हं, आहे मी.’ आतलं सगळं थांबलं. पाण्याचा आवाजही थांबला. थोड्या वेळानं प्रांजली केस पुसत बाहेर आली, आईकडं न बघताच म्हणाली, ‘मी तुला नव्हते सांगत,’ आणि खोलीत गेली. त्यानंतर ती आत गेली की नाव येईना. नुसती शांतता यायची, आणि ती सुलेखाला जास्त लागायची.

लागायचीच, कारण शांततेचा हिशेब तिच्याकडं आधीचा होता. मागच्या भाद्रपदातली गोष्ट. असाच पाण्याचा दिवस, रविवार. सकाळपासून सुलेखानं पदर खोचलेला. ड्रम घासले, टाकी धुतली, पडदे उतरवले, चादरी भिजवल्या. आठ दिवसांची घाण एका दिवसात काढायची तर माणूस दुसरं काही बघत नाही. प्रांजलीचं दार बंद होतं, ते नेहमीच असायचं. दोन महिने क्लासला जाते सांगून बागेत बसत होती हे उघडकीला आल्यापासून तर तिनं बोलणंच टाकलं होतं. दुपारी सुलेखानं दारापाशी पोह्यांची बशी ठेवली, ‘पोहे ठेवलेत गं’ म्हणाली आणि पुढं गेली. मग तिनं त्या दारासमोरची फरशी पुसली. बशी उचलली, खालचं पुसलं, बशी परत ठेवली, पोहे तसेच आहेत हे बघितलंसुद्धा, आणि मनात म्हणाली, राग आहे, उतरेल. अभय पुढच्या खोलीत पेपर तपासत होता. ती बाहेर पडताना त्याला दिसली होती, पण त्याला वाटलं, आईला सांगून गेली असेल. रात्री जेवायला हाक मारली तेव्हा दार उघडलं, आणि आत कुणी नव्हतं. नऊ तास. फोन केला तर पोरीनं उचलला, लासूर स्टेशनवर आहे म्हणाली, बाकड्यावर बसलेली सापडली. सगळं घर त्या दिवशी इतकं स्वच्छ होतं की शोधाशोधीला आलेले शेजारी चपला बाहेर काढून आत आले. पुढं शिबिराच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘मूल घरात नाही हे किती वेळानं लक्षात आलं?’ सुलेखानं पेन बराच वेळ नुसतं धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘एक तास.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांवरचं खरं मोजणाऱ्या बाईनं आपल्यापुरता आकडा धुऊन घेतला. अभयनं ते वाचलं आणि तसंच पाकिटात घातलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत गजालानं तिला छेडलंच. गजाला तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. शहागंजातली, तीन मुलांची आई, जीभ सुरीसारखी आणि मन लोण्याचं. सुलेखा चार दिवस बशीवरचे ठिपके दोनदा दोनदा मोजतेय हे तिनं बघितलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘सुलेखा, तू दुनियाभर के हाथां देखती. अपनी बेटी कू एक बात नै पूछती. पूछ ना सीधा.’ सुलेखाला ते पटलं आणि झेपलं नाही. विचारायचं म्हणजे मुलगीही काही विचारणार, आणि तिनं काय विचारलं असतं हे सुलेखाला ठाऊक होतं. म्हणून तिनं ठरवलं, आपण आधी ती जागा बघू. अभयला म्हणाली, मी आणि प्रांजली जातो, तुम्ही नका येऊ. प्रांजलीला नुसतं सांगितलं, उद्या शिबिरावर जायचंय, भेटीला. ती ‘बरं’ म्हणाली. आणि पिशवीत टॉर्च टाकला, खुरपं शोधू लागली, ते घरात नव्हतं.

फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं, अजिंठ्याच्या पुढं रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली. थंडीचे दिवस, वाळलेल्या कुसळाचा पिवळा डोंगर, मधेच काळे खडक. सुलेखानं मनात एक भयंकर जागा रचून ठेवली होती आणि प्रत्यक्षात तिथं सहा तंबू, एक चूल आणि वाळत घातलेले टॉवेल होते. ऋतुराज सर तिशीचे, गोड बोलणारे, हातात फाइल. त्यांनी चहा दिला आणि दुसऱ्या टप्प्याबद्दल सांगायला सुरुवात केली, तर सुलेखा म्हणाली, आधी मला सगळं बघायचंय, पाणी, संडास, सगळं. ते जरा गोंधळले आणि त्यांनी तिला सखूबाईंच्या हवाली केलं. सखूबाई म्हणजे मुलींच्या तंबूंवर देखरेख करणारी बाई, पन्नाशीची, हातभर हिरव्या बांगड्या, नाकात मोरणी. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. प्रांजली तिच्याजवळ गेली, वाकली नाही, मिठी मारली नाही, फक्त पाय पुढं केले. सखूबाईंनी तिथंच उकिडवं बसून तिच्या बोटांच्या बेचक्या बघितल्या, ‘चिखल्या गेल्या गं,’ म्हणाल्या आणि पाठीत एक चापट दिली. सुलेखाला त्या बाईचा सरळ सरळ हेवा वाटला.

मग सखूबाईंनी दाखवलं. मुलीला दिवसाला पाच लिटरचा एक कॅन. पिणं, तोंड, अंग, सगळं त्यातच, कारण पाणी खालच्या विहिरीवरून स्वतः वाहून आणायचं. आठवड्यातून एकदा विहिरीवर डोक्यावरून आंघोळ आणि उवांची फणी, रविवारी नखं. भांड्यांना राख. बाहेर जायला खुरपं. वीतभर खोल खणायचं, झाकायचं, वर दगड ठेवायचा म्हणजे दुसरीचा पाय पडत नाही. सुलेखानं प्रत्येक गोष्टीला किती, कशानं, कधी असं विचारलं. तिच्यातली प्रयोगशाळा जागी झाली होती आणि तिला ते सगळं मनापासून आवडत होतं. इतक्या थोड्या पाण्यात इतकं स्वच्छ राहता येतं हे तिला कुणी पूर्वी सांगितलं नव्हतं. बुटांचंही तिनं कौतुकानं विचारलं. सखूबाई म्हणाल्या, ‘बुटं व्हय? ती दिवस मावळला की पोत्यात भरून माझ्या उशाला. अनवाणी पोरगी ह्या काट्यात कुठवर पळंल?’ सुलेखाचं हसू ओठांवरच राहिलं. रोज संध्याकाळी तिची मुलगी पळून न जाण्याची हमी तिच्या उशाशी आणून ठेवत होती, आणि ती नणंदेला फोन करत होती.

नावाचं तिनं शेवटी विचारलं. सखूबाईंनी डोंगराकडं हात केला. ‘आमच्यात मेंढरामागं लेकरू गेलं की आवाज देत राहतं. दिसत नसलं तरी हाय म्हणून कळतं. इथं साहेबांनी त्याचा नियम केला. झाडामागं बसली की आपलं नाव घेत राहायचं. नाव थांबलं की म्या धा मोजायचे अन् निघायचं हुडकायला.’ मग म्हणाल्या, ‘तुमची एकदा थांबली होती. बाराव्या दिसाला. त्या दिवशी साहेब घरच्यांनी लिहिलेला कागद वाचून दावत्यात परत्येकीला. तो ऐकून आली, तिकडं खडकामागं गेली अन् चिडीचूप. म्या धावले. पळाली नव्हती, ताई. बसली होती गुडघ्यात डोकं घालून. मला म्हणती, मावशी, किती मोजले? म्या म्हणलं, बये, मोजायला थांबतंय कोण.’

ते ऐकल्यावर सुलेखाला पुढचं काही ऐकू आलं नाही. फॉर्म वाचून दाखवतात. म्हणजे ‘एक तास’ हे तिच्या हस्ताक्षरातलं खोटं मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि मुलगी ते ऐकून या उन्हात, या दगडांत, गप्प बसून राहिली होती. सुलेखाच्या पोटात कळ आली. लाज माणसाच्या कुठं उतरेल सांगता येत नाही. तिच्या पोटात उतरली. ती प्रांजलीला हळूच म्हणाली, मला जाऊन यावं लागेल. प्रांजलीनं काही न विचारता चुलीजवळचं खुरपं उचललं, पाण्याची बाटली घेतली आणि ती पुढं चालू लागली. एका मोठ्या खडकाआडची जागा दाखवली. स्वतः खडकाच्या अलीकडं, पाठ करून बसली. म्हणाली, ‘नाव घेत राहा.’

पंचवीस वर्षांनी सुलेखा उघड्यावर बसली होती. वारा होता. समोर करवंदीच्या जाळीवर एक पांढरं फुलपाखरू उगाच फिरत होतं. कडी नव्हती, भिंत नव्हती, आणि नाव तोंडातून निघेना. चारचौघांत सही करतो ते नाव, पण एकटीनं मोठ्यानं घ्यायचं तर ते कुणा तिसऱ्याच बाईचं वाटत होतं. ती म्हणाली, ‘प्रांजली.’

‘माझं नाही. तुझं घ्यायचं,’ खडकाच्या पलीकडून आलं.

समोर तोंड नव्हतं म्हणूनच असेल, सुलेखाला बोलता आलं. ‘त्या दिवशी मला नऊ तास कळलं नव्हतं.’

मग एका दमात पुढचं सांगितलं.

‘मी फॉर्मवर खोटं लिहिलं. मी घरातच होते दिवसभर. तुझ्या दारासमोरची फरशी पुसली मी. पोह्यांची बशी उचलून पुसली.’

‘माहीत आहे,’ प्रांजली म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. चौकशी संपलेल्या माणसाचा होता. ‘मोबाइल माझ्या हातातच होता. निघताना पूर्ण चार्ज केला होता. बाकड्यावर बसून बघत होते, कधी वाजतो.’

सुलेखानं डोळे मिटले. त्या फलाटावर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या, दुपार, संध्याकाळ, दिवे लागले असतील ती वेळ, आणि मांडीवरचा तो फोन. आपली मुलगी पळून गेली असं ती इतके दिवस सगळ्यांना सांगत होती. आणि मुलगी तर एका जागी बसून वाट बघत होती, आई कधी हाक मारते त्याची. सुलेखाला रडू आलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

‘आई,’ पलीकडून आवाज आला, जरा घाईचा. ‘गप्प नको बसू. मला यावं लागेल मग.’

‘सुलेखा,’ ती म्हणाली. घसा साफ करून पुन्हा म्हणाली, ‘सुलेखा.’ आणि खुरप्यानं माती ओढत, दगड ठेवत, उठेपर्यंत म्हणत राहिली. बाटलीतलं पाणी प्रांजलीनं तिच्या हातावर घातलं. बेतानं, एक थेंब खाली न सांडता.

परतताना सुलेखानं विचारलं, तुला इथं परत राहायचंय का. प्रांजली थोडं चालली. ‘मावशी चांगल्या आहेत. बाकी थंडी लई आहे,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘तुझं काय म्हणणं?’ सुलेखा म्हणाली, ‘माझं म्हणणं, घरी.’ प्रांजलीनं मान हलवली, हो की नाही ते कळण्याइतकी नव्हे, पण तिनं खुरपं या हातातून त्या हातात घेतलं आणि आईच्या बाजूचा हात मोकळा केला.

ऋतुराज सरांनी फाइल उघडून ठेवलीच होती. सुलेखा म्हणाली, दुसऱ्या टप्प्याला माझी सही नाही. त्यांनी अर्धवट सोडल्यानं काय काय होतं ते समजावलं, तिनं ऐकून घेतलं आणि मग पहिला, जुना फॉर्म मागितला. त्याची आता गरज नाही, ते म्हणाले. तरी द्या, ती म्हणाली. त्यांनी कुरकुरत तो काढून दिला. पान उलटून तिनं तो प्रश्न शोधला, ‘एक तास’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘नऊ तास’. अक्षर जरा वाकडं आलं. प्रांजली तिच्या खांद्यावरून वाचत होती. तिनं आईच्या हातातून पेन घेतलं, वाकून त्या ‘नऊ तास’च्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं, ‘वीस मिनिटं’, आणि टोपण लावून पेन सरांना परत दिलं.